नागपुरात महिलांची आयटीएफ टेनिस स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपून सकाळी स्वेटर निघाले की माझ्या फोनवर टेनिसचे प्रश्न सुरू होतात. रामनगर-धरमपेठ भागात राहणाऱ्या, मुलीला रोज पहाटे कोर्टावर सोडणाऱ्या आईला हे चुकत नाही. शहरात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली की मी स्वयंसेवक म्हणून मदतीला जाते, आणि तेच तेच प्रश्न नव्या नव्या माणसांकडून येतात. कोणी पहिल्यांदा टेनिस बघायला येणार असते, कोणाची मुलगी रॅकेट घेऊन तयार असते. म्हणून सगळी उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. पुनरुक्ती टाळायला जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

## पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

१. ही नेमकी कोणती स्पर्धा? टीव्हीवर दाखवतात ते डब्ल्यूटीए हेच का?

नाही, पण त्याच शिडीची खालची पायरी आहे. महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. त्यांच्या खाली डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, १०००, ५००, २५० आणि १२५ या पातळ्या. त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची 'वर्ल्ड टेनिस टूर' असते. तिच्यात महिलांसाठी डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१०० असे पाच टप्पे आहेत. चेन्नईत २०२२ आणि २०२५ मध्ये झाली ती डब्ल्यूटीए २५०. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर होते ती डब्ल्यूटीए १२५. नागपूरच्या वाट्याला येते ती आयटीएफची स्पर्धा. मात्र इथे मिळणारे गुण डब्ल्यूटीएच्याच जागतिक क्रमवारीत जमा होतात. त्यामुळे हिला 'प्रदर्शनीय' किंवा 'हौशी' म्हणणे चूक आहे.

२. डब्ल्यू१५, डब्ल्यू३५ मधला आकडा म्हणजे बक्षिसाचे हजार डॉलर ना?

२०२३ पर्यंत तसेच होते. २०२४ पासून तो आकडा एकेरीच्या विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण सांगतो. डब्ल्यू३५ जिंकली की ३५ गुण. ग्रँड स्लॅम विजेतीला २००० गुण मिळतात, यावरून शिडी किती उंच आहे ते कळेल. पैशांबद्दल प्रश्न १७ पाहा.

३. यात ओळखीचे एकही नाव नसते. मग बघायला कशाला यायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि याचेच उत्तर मी सगळ्यात मनापासून देते.

डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यात २५ हजार डॉलरची एक आयटीएफ स्पर्धा झाली. ती जिंकणारी १७ वर्षांची मुलगी होती एमा रादुकानू. तेव्हा तिचे नाव टेनिसमधल्या मोजक्या माणसांना माहीत होते. दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती अमेरिकन ओपनची विजेती झाली. क्वालिफाइंगपासून, म्हणजे पात्रता फेरीपासून, सलग १० सामने, एकही सेट न गमावता. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती टेनिसच्या इतिहासातली पहिली खेळाडू, स्त्री-पुरुष दोघांतही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा जिंकली होती अरीना सबालेंकाने. पुढे तिने ऑस्ट्रेलियन ओपन २०२३ आणि २०२४ मध्ये, तर अमेरिकन ओपन २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकली. चारही विजेतेपदे हार्ड कोर्टवरची (प्रश्न ८).

दर वेळी असे होईल असे मी म्हणत नाही. पण शंभर-दोनशे माणसांत, कोर्टाच्या जाळीला टेकून, सर्व्हचा आवाज छातीत जाणवेल इतक्या जवळून खेळ बघायला मिळतो तो फक्त याच पायरीवर. मोठ्या स्टेडियममध्ये वरच्या रांगेतून बॉलची फिरकी दिसत नाही. इथे दिसते. खेळाडू हरल्यावर बॅग स्वतः उचलून, चेहरा टॉवेलात लपवून तुमच्या बाजूने जाते तेही दिसते. आपल्या शहराने दिव्या देशमुखच्या रूपाने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घरी आलेला पाहिला आहे, मालविका बनसोडला बॅडमिंटनमध्ये मोठे होताना पाहिले आहे. त्यांचेही सुरुवातीचे सामने बघायला फार गर्दी नव्हती. टेनिसमध्ये ती चूक आपण करू नये, एवढीच माझी विनंती.

४. तिकीट लागते का जी?

आयटीएफच्या या पातळीवर बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो. खेळाडूंचा विश्रामकक्ष, फिजिओची खोली आणि रेफरीचे ऑफिस इथे मात्र ओळखपत्राशिवाय जाता येत नाही.

५. आठवडाभर असते म्हणता, मग यावे कोणत्या दिवशी?

साधारण क्रम असा: रविवार-सोमवार क्वालिफाइंग, मंगळवारपासून मेन ड्रॉ (मुख्य स्पर्धा), शुक्रवारी उपांत्यपूर्व फेरी, शनिवारी एकेरीची उपांत्य आणि दुहेरीची अंतिम, रविवारी एकेरीची अंतिम. कुठे कुठे एखादा दिवस मागेपुढे होतो.

सगळे अंतिम सामन्याला येतात. माझा सल्ला उलटा आहे. एकच दिवस मिळणार असेल तर बुधवारी या. त्या दिवशी सगळ्या कोर्टांवर एकाच वेळी सामने सुरू असतात, एकेरी आणि दुहेरी दोन्ही असतात, मानांकित खेळाडू आणि पात्रता फेरीतून वर आलेल्या मुली एकमेकींसमोर असतात. ज्यांना झुंज बघायची आहे त्यांनी क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीला यावे. तो सामना जिंकला तर मेन ड्रॉ, हरला तर पुढच्या शहराचे तिकीट. खेळाडू त्या दिवशी जीव तोडून खेळतात.

दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक आदल्या संध्याकाळी लागते. त्याला 'ऑर्डर ऑफ प्ले' म्हणतात. पहिल्या सामन्याची वेळ नक्की असते. त्यापुढे 'फॉलोड बाय' लिहिले असेल तर आधीचा सामना संपला की लगेच. 'नॉट बिफोर' लिहिले असेल तर त्या वेळेआधी तो सुरू होणार नाही, उशिरा होऊ शकतो. "दोन वाजताचा सामना" म्हणून दोनला येणाऱ्यांची बहुधा निराशा होते, कारण टेनिसमध्ये आधीचा सामना ५० मिनिटांतही संपतो आणि तीन तासही चालतो.

६. कसे पोहोचायचे? सोबत काय आणायचे?

रामनगरच्या कोर्टांवर यायचे असेल तर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन सोयीची. शंकरनगर चौक किंवा एलएडी चौक स्थानकावर उतरून ऑटो घ्या. ऑरेंज लाइनवरून येणाऱ्यांनी सीताबर्डीला बदलावे. टोपी, पाण्याची बाटली आणि थंडीत सकाळसाठी एक शाल आणा. सावली कमी असते. पोटाची सोय गोकुळपेठेत होते, तर्रीपोहे खाऊन आलात तर दुपारपर्यंत हलावे लागत नाही.

७. सामना सुरू असताना उठता-बसता येते का? मोबाइलवर शूटिंग चालते का?

खेळाडू बाजू बदलतात तेव्हा उठा. बाजूबदल दर विषम गेमनंतर होतो आणि तिथे ९० सेकंद मिळतात. अपवाद: सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात, पण बसायला वेळ नसतो, त्यामुळे तेव्हा आपणही बसूनच राहायचे. पॉइंट सुरू असताना शांतता, संपल्यावर हव्या तितक्या टाळ्या. समोरचीने सर्व्ह चुकवली म्हणून टाळी वाजवू नये, हे घरून येतानाच मुलांना सांगा. आपली खेळाडू भारताची असली तरी समोरची कोणीतरी परक्या देशातून एकटी आलेली असते.

साधे फोटो बिनाफ्लॅश चालतात. फोन सायलेंट हवा. मात्र पॉइंट-पॉइंट स्कोअर कोणाला कळवत बसणे हा वेगळाच प्रकार आहे, त्यासाठी प्रश्न २१ पाहा.

## कोर्ट, ऊन आणि पाऊस

८. हार्ड कोर्ट म्हणजे आपले सिमेंटचे कोर्ट का?

अर्धे उत्तर हो. खाली डांबराचा किंवा काँक्रीटचा पक्का थर असतो. पण खेळाचा स्वभाव ठरतो तो वरच्या अ‍ॅक्रिलिक थरांवर. या रंगात बारीक सिलिका वाळू मिसळलेली असते. वाळू जास्त किंवा खरखरीत असली तर बॉल पृष्ठभागाला जास्त घासतो, त्याचा वेग मरतो आणि तो उंच उडतो. वाळू कमी किंवा घासून गुळगुळीत झाली की बॉल सटकतो, खाली राहतो. म्हणूनच एकाच शहरातली दोन हार्ड कोर्टे अगदी वेगळी खेळतात, आणि पाच-सहा वर्षे रंग न दिलेले कोर्ट दरवर्षी थोडे थोडे वेगवान होत जाते. आयटीएफ कोर्टांच्या वेगाचे पाच गट करते, मंद ते वेगवान. हार्ड कोर्ट यातल्या कोणत्याही गटात बसू शकते.

साध्या सिमेंटच्या ओट्यावर, वरचे थर नसताना, मुलींना तासन् तास खेळवू नका. माती घसरू देते, काँक्रीट देत नाही. थांबताना सगळा भार गुडघा, घोटा आणि पाठीवर येतो. चांगले बूट आणि अ‍ॅक्रिलिकचे थर मिळून तो थोडा तरी सोसतात.

मापे सगळीकडे सारखीच: लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३ मीटर, दुहेरीची १०.९७ मीटर. जाळी मधोमध ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर. मधली जाळी खाली असल्यामुळेच तिरका फटका सरळ फटक्यापेक्षा सुरक्षित असतो.

९. निळाच रंग का?

पिवळा बॉल निळ्यावर उठून दिसतो, प्रेक्षकाला आणि कॅमेऱ्यालाही. अमेरिकन ओपनने २००५ मध्ये आतला भाग निळा केला आणि ऑस्ट्रेलियन ओपनने २००८ मध्ये हिरवा सोडला. मग जगभर ती चाल पडली. नियमाने निळा बंधनकारक नाही.

१०. नागपूरच्या उन्हात खेळतात कशा? स्पर्धा मार्चमध्ये घेऊ नका असे का सांगत नाही?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम आहे. पण आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात जो आठवडा मिळेल तो घ्यावा लागतो. भारतात लागोपाठ दोन-तीन शहरांत स्पर्धा ठेवल्या तरच परदेशी खेळाडूंना येणे परवडते, म्हणून एखादे वेळी मार्च पदरी पडतो.

उन्हासाठी नियम आहे. नुसते तापमान बघत नाहीत. 'वेट बल्ब ग्लोब' तापमान मोजतात, ज्यात ओल्या फडक्याच्या तापमापीला ०.७, काळ्या गोळ्यातल्या तापमापीला ०.२ आणि साध्या हवेला ०.१ असे वजन असते. हा आकडा ३०.१ अंशांवर गेला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटच्या मध्ये १० मिनिटांची विश्रांती मिळते. ३२.२ वर गेला तर खेळ थांबवतात.

इथे नागपूरकरांचा गोंधळ होतो. "अडतीस अंश झाले, तरी खेळ कसा सुरू?" कारण आपले ऊन कोरडे आहे. हवा कोरडी असली की ओल्या तापमापीचा आकडा खालीच राहतो. समजा हवा ३८, काळा गोळा ५० आणि ओला आकडा २१ असेल, तर हिशेब साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. नियम लागू होत नाही. याच तापमानाला चेन्नईत दमट हवेमुळे तो लागला असता. घाम सुकतो म्हणजे शरीर थंड होते हे खरे, पण पाणी मात्र दुप्पट जाते आणि घाम दिसत नसल्यामुळे खेळाडूला ते कळतही नाही. बाहेरून आलेल्या मुलींना मी नेहमी हेच सांगते: तहान लागायची वाट पाहू नका.

११. पाऊस किंवा गारपीट झाली तर? आणि सकाळचे दव?

हार्ड कोर्ट ओले असताना खेळवत नाहीत. पहिल्यांदा घसरतात त्या रेषा. तिथे पाय सटकतो, म्हणून रेफरी आधी रेषांवर बूट घासून बघतात. कोर्टाला एका बाजूला हलका उतार असतो, पाणी त्या बाजूने ओढून काढतात आणि स्पंजच्या रोलरने टिपतात. ऊन असेल तर अर्ध्या-पाऊण तासात कोर्ट तयार होते. जिथे पाणी तसेच साचून राहते, तिथे पृष्ठभाग बसला आहे असे समजावे. डिसेंबर-जानेवारीत दव आणि धुके असते, म्हणून पहिला सामना फार लवकर लावत नाहीत.

सामना थांबला तर त्याच स्कोअरवरून, त्याच पॉइंटवरून पुढे सुरू होतो. खंड १५ मिनिटांपर्यंतचा असेल तर सराव मिळत नाही, १५ ते ३० मिनिटांचा असेल तर ३ मिनिटे, त्याहून जास्त असेल तर ५ मिनिटे.

## खेळाचे नियम

१२. बॉल बाहेर पडल्याचा डाग दिसत असतो. अम्पायर खाली येऊन बघत का नाहीत?

डाग तपासायची पद्धत फक्त मातीच्या कोर्टावर आहे. हार्ड कोर्टवर डाग जुना की नवा हे सांगता येत नाही. खुर्चीवरच्या अम्पायरचा निर्णय अंतिम असतो आणि लाइन अम्पायरचा निर्णय बदलायचा असेल तर त्यांनी तो तत्काळ बदलावा लागतो. या पातळीवर प्रत्येक रेषेला माणूस नसतो. क्वालिफाइंगमध्ये तर कधी खेळाडूच आपल्या बाजूचे निर्णय देतात आणि एक अधिकारी दोन-तीन कोर्टांवर फिरत असतो. खेळाडूने शंका आली तर बॉल आतच धरायचा असतो. अशा सामन्यात प्रेक्षकांतून "आउट!" ओरडू नका, विशेषतः आईवडिलांनी.

१३. दुहेरीत ४०-४० झाल्यावर एकाच पॉइंटवर गेम संपला. चूक झाली का?

नाही. दुहेरीत 'नो-अ‍ॅड' असते: ४०-४० नंतर एकच पॉइंट, आणि सर्व्ह कोणत्या बाजूला घ्यायची ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. सेट १-१ झाले तर तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटांचा मॅच टायब्रेक होतो, दोनच्या फरकाने जिंकायचा. मेन ड्रॉची एकेरी मात्र पूर्ण तीन सेटची, अ‍ॅडव्हान्टेजसह, म्हणजे ४०-४० नंतर सलग दोन पॉइंट जिंकावे लागतात.

१४. कोच बाहेरून बोलत होते. हे आधी चालत नव्हते ना?

बरोबर आठवते तुम्हाला. १ जानेवारी २०२५ पासून टेनिसच्या मूळ नियमांतच कोर्टाबाहेरून मार्गदर्शनाला परवानगी आली. थोडक्यात बोलायचे, पॉइंट सुरू असताना नाही, आणि खेळाला अडथळा न करता. लांबलचक व्याख्यान सुरू झाले तर अम्पायर थांबवतात.

१५. पायात गोळा आला तरी फिजिओला लगेच आत येऊ देत नाहीत. हा निर्दयपणा नाही का?

मलाही आधी तसेच वाटायचे. नियम असा: दुखापत झाली तर फिजिओ तपासतात आणि उपचारासाठी ३ मिनिटांचा मेडिकल टाइमआउट मिळू शकतो. पण स्नायूंतला गोळा ही दुखापत न मानता तंदुरुस्तीचा भाग मानतात. त्यावर उपचार फक्त बाजूबदल किंवा सेटच्या मधल्या वेळेत होतात. चालताच येत नसेल तर खेळाडूला पुढच्या बाजूबदलापर्यंतचे पॉइंट सोडून द्यावे लागतात. नाहीतर दमलेली प्रत्येक खेळाडू गोळ्याचे कारण सांगून समोरचीची लय मोडेल. आपल्याकडच्या कोरड्या हवेत (प्रश्न १०) हे दृश्य दुपारच्या सामन्यांत बरेचदा दिसते.

१६. पहिल्यांदा नवे बॉल लवकर आले, नंतर उशिरा. असे का?

सामन्याआधीचा ५ मिनिटांचा सराव दोन गेमइतका धरतात. म्हणून दर ९ गेमनंतर बॉल बदलायचे ठरले असेल तर पहिली बदली ७ गेमनंतर होते. हार्ड कोर्ट बॉलची लोकर लवकर खाते. सर्व्ह करणारी नवा बॉल उंचावून समोरचीला दाखवते, तो शिष्टाचार बघण्यासारखा असतो.

## खेळाडू आणि पालकांसाठी

१७. जिंकणारीला किती पैसे मिळतात? यावर घर चालते का?

डब्ल्यू१५ मध्ये एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ते एकेरीच्या ३२ खेळाडू आणि दुहेरीच्या १६ जोड्यांत वाटले जाते. एकेरीच्या विजेतीला दोन हजार डॉलरहून थोडे जास्त. पहिल्या फेरीत हरणारीला मिळते त्यात हॉटेलचे चार दिवसही निघत नाहीत, विमानाचे तर सोडाच. कर कापला जातो तो वेगळा. काही स्पर्धांच्या नावापुढे 'प्लस एच' असते, म्हणजे मेन ड्रॉच्या खेळाडूंच्या राहण्याची सोय आयोजक करतात. खेळाडूसाठी ही सोय बक्षिसाच्या रकमेइतकीच मोलाची आहे. दोन-दोन मुली एका खोलीत राहतात, एकमेकींच्या रॅकेटला दोरे बांधतात आणि सकाळी एकमेकींविरुद्ध खेळतात. शहरात स्पर्धा झाली की विदर्भातल्या मुलीचा हा सगळा खर्च वाचतो. माझ्या दृष्टीने घरच्या स्पर्धेचा सर्वात मोठा फायदा हाच.

१८. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, राज्यात चांगली खेळते. तिला खेळता येईल का?

अजून नाही. महिलांच्या आयटीएफ स्पर्धेसाठी १४ वर्षे पूर्ण हवीत. १४ ते १८ या वयात वर्षभरात किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील यावर मर्यादा असते, वय वाढेल तशी ती सैल होते. हा नियम मुलींच्या भल्यासाठी आहे. फार लहान वयात थकून, जखमी होऊन खेळ सोडणाऱ्या मुली टेनिसने पाहिल्या आहेत. तोपर्यंत एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) वयोगटाच्या स्पर्धा आणि आयटीएफ ज्युनिअर हा रस्ता आहे. ज्युनिअरमध्ये वरचे स्थान मिळवणाऱ्या मुलींसाठी महिलांच्या स्पर्धांत काही जागा राखीव असतात.

१९. प्रवेश कसा मिळतो? वाइल्ड कार्ड कोण देते?

आधी आयटीएफच्या संकेतस्थळावर आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळखक्रमांक काढायचा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच भरा. मग त्याच खात्यातून स्पर्धेसाठी नाव नोंदवायचे. मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते, आणि नाव मागे घ्यायची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी. दोन्ही वेळा ग्रीनिच घड्याळाने दुपारी २, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७.३०. आम्ही एकदा रात्री बारापर्यंत वेळ आहे असे समजून निवांत जेवायला बसलो आणि साडेनऊला संगणक उघडला. यादी बंद झाली होती. मुलगी काही बोलली नाही, पण तो आठवडा घरात फार जड गेला. तेव्हापासून मी सगळ्या पालकांना गुरुवारी दुपारीच आठवण करते.

नोंदणी झाली की क्रमवारीनुसार यादी लागते. ३२ च्या मेन ड्रॉमध्ये साधारणपणे ८ जागा क्वालिफाइंगमधून येणाऱ्यांना आणि ४ वाइल्ड कार्डना असतात. वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमवारी न बघता दिलेला प्रवेश; ती राष्ट्रीय संघटना आणि आयोजक यांच्यामार्फत ठरतात. क्वालिफाइंगसाठीही वाइल्ड कार्ड असतात, आणि नागपूर-अमरावती-अकोल्याच्या मुलींनी आधी त्यासाठीच अर्ज करावा असे मला वाटते. मेन ड्रॉत थेट उतरून ०-६, ०-६ हरण्यापेक्षा क्वालिफाइंगमध्ये एक सेट लढून हरलेली मुलगी जास्त शिकून जाते.

२०. एक सामना जिंकला की जागतिक क्रमवारीत नाव येते ना? आणि काल हरलेली मुलगी आज मेन ड्रॉत कशी खेळते आहे?

क्रमवारीचे आधी. एकेरीत नाव यायला तीन स्पर्धांमध्ये गुण हवेत, किंवा एकूण किमान १० गुण. डब्ल्यू१५ च्या मेन ड्रॉत पहिला सामना जिंकला तर १ गुण मिळतो. असे तीन वेगवेगळ्या स्पर्धांत झाले की नाव लागले. गुण ५२ आठवडे टिकतात, नंतर गळतात.

काल हरलेल्या मुलीला 'लकी लूझर' म्हणतात. मेन ड्रॉतल्या कोणी ऐनवेळी माघार घेतली तर क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांतून एकीला जागा मिळते. म्हणून त्या मुली हरल्यावरही सकाळी सही करून, बूट घालून तयार बसलेल्या दिसतात. कोको गॉफ २०१९ मध्ये, १५ वर्षांची असताना, लिंझची डब्ल्यूटीए स्पर्धा लकी लूझर म्हणून शिरून जिंकली होती. ती तिची पहिली डब्ल्यूटीए ट्रॉफी.

याहून वेगळी 'स्पेशल एक्झेम्प्ट'. मागच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात शेवटच्या फेऱ्यांत अडकल्यामुळे जी क्वालिफाइंगला पोहोचू शकली नाही, तिला थेट मेन ड्रॉत जागा मिळू शकते.

## अवघड आणि अपवादाचे प्रश्न

२१. मी फक्त मित्राला मेसेजवर स्कोअर सांगत होतो. मला का टोकले?

कारण पॉइंट संपताक्षणी स्कोअर बाहेर पाठवणे हे सट्टेबाजांचे काम असते. अधिकृत स्कोअर येण्याआधीच्या काही सेकंदांवर पैसे लागतात. तुमचा हेतू तसा नसेल, पण अधिकाऱ्यांना ते ओळखता येत नाही. सामना संपल्यावर खुशाल कळवा.

खेळाडू, कोच आणि अधिकारी यांना टेनिसवर पैज लावायला पूर्ण बंदी आहे. खेळाडूसोबत स्पर्धेला येणारे पालकही या नियमाखाली येतात, हे बहुतेकांना माहीत नसते. फोनवर अनोळखी माणसाने "मुलीची तब्येत कशी आहे, उद्या खेळणार ना?" असे विचारले तर उत्तर देऊ नका आणि रेफरीला सांगा. पैज हरलेले लोक रात्री या मुलींच्या इन्स्टाग्रामवर जे लिहितात ते वाचवत नाही. १७-१८ वर्षांची मुलगी तसे संदेश वाचून सकाळी कोर्टावर उतरते, हे मी जवळून पाहिले आहे.

२२. वॉकओव्हर आणि रिटायर्ड यात फरक काय?

पहिला पॉइंट खेळला जाण्याआधीच माघार घेतली तर वॉकओव्हर. एक पॉइंट जरी खेळला गेला आणि मग सोडला तर रिटायर्ड, आणि तेव्हाचा स्कोअर नोंदला जातो.

२३. माझ्या मुलाला बॉलबॉय व्हायचे आहे. काय पात्रता लागते?

शाळेची परवानगी, बॉल जमिनीवरून नीट सरकवता येणे आणि पॉइंट सुरू असताना पुतळ्यासारखे उभे राहता येणे. स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी सराव घेतला जातो. मुलगी असेल तर आणखी आवर्जून पाठवा.

२४. खेळताना टोपी पडली तर पॉइंट पुन्हा. पण दुसऱ्यांदा पडली तेव्हा पॉइंटच गेला. आणि शेजारच्या कोर्टावरचा बॉल आला तेव्हा काहीच शिक्षा नाही?

टोपी, खिशातला बॉल या खेळाडूच्या स्वतःच्या वस्तू. त्या पडल्याने समोरचीचे लक्ष विचलित होऊ शकते. पहिल्यांदा अम्पायर 'लेट' (पॉइंट पुन्हा खेळवणे) देऊन ताकीद देतात, पुन्हा झाले तर पॉइंट समोरचीला. इथे एक बारकावा आहे: जिची टोपी पडली ती स्वतः लेट मागू शकत नाही, नाहीतर हरत असलेल्या पॉइंटवर प्रत्येकीची टोपी पडली असती. शेजारच्या कोर्टावरून घरंगळत आलेला बॉल दोघींच्याही हातात नसतो, म्हणून लेट, आणि तेव्हा पॉइंट पहिल्या सर्व्हपासून. दुसऱ्या सर्व्हवर पॉइंट सुरू झाला होता तरीही पहिली सर्व्ह परत मिळते.